राणीसावरगावचा सदतीस बायकांचा नवरा

आमची अर्पिता नक्की काय नोकरी करते, हे मला अजून कुणाला एका दमात सांगता आलेलं नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी म्हणते, "आरोग्याचं काम आहे." समोरची लगेच विचारते, "नर्स हाय का?" नाही. "मग गोळ्या वाटती का?" नाही. "मग?" आणि तेवढ्यात, नशिबाने, पंगत बसते. आज घरात सगळे झोपलेत आणि मला काळजीने झोप नाही. काळजी कसली ते शेवटी सांगते. म्हटलं, जागीच आहे तर एकदाचं नीट लिहून काढावं. पुढच्या लग्नात कुणी विचारलं तर हेच हातात ठेवता येईल.

आम्ही जिंतूरचे. आमचे हे एसटीच्या जिंतूर आगारात वाहक आहेत. मी बी.ए., राज्यशास्त्र, आणि घरी पोरांच्या शिकवण्या घेते. अर्पिता एकुलती एक. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की ती ह्यांच्याबरोबर गाडीत जायची. इतर मुलं खिडकीबाहेर बघतात, तशी ही ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसून आत बघायची. माणसांकडे, टक लावून. मला भीती, की कुणीतरी म्हणेल पोरगी नजर लावायलीय.

एकदा एका बाईने मुलासाठी हाफ तिकीट मागितलं. मुलगा बाईपेक्षा उंच, ओठावर मिशीची काळी रेघ. हे म्हणाले, "वय काय ह्याचं?" बाई म्हणाली, "अकरा." हे म्हणाले, "मावशी, ह्याला दाढी यायची वेळ झाली." बाई म्हणाली, "अंगानं थोराड हाय, बापावर गेलाय." गाडीतले सगळे बाईच्या बाजूने. तेव्हा आमची सात वर्षांची अर्पिता ह्यांचा शर्ट ओढून म्हणाली, "पप्पा, वय नका विचारू. कितवीला हाय ते विचारा." ह्यांनी विचारलं. पोराने छाती काढून सांगितलं, "नववीला! वर्गात दुसरा!" बाईने त्याला असा चिमटा काढला की तो पुढे चारठाण्यापर्यंत दंड चोळत होता. तिकीट फुल्ल झालं. हे अजून तो किस्सा सांगतात आणि शेवटी तोंडाने दोन घंट्या वाजवतात.

बारावीनंतर तिने मानसशास्त्र घेतलं. मी म्हटलं, मराठी घे, इतिहास घे, बी.एड. कर, शाळेत लाग, मी सुखाने झोपेन. तिने ऐकलं नाही. शेजारच्या तानुबाईंनी गल्लीभर सांगितलं की पोरगी येड्यांच्या कॉलेजात गेली. पण दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः दारात हजर.

"अर्पे, माझ्या सपनात रोज म्हैस यायली. काय आसंल?"

"काकू, आमाला सपनांचं नसतंय शिकायला."

"मग काय शिकीवतेत?"

"माणूस कसा विचार करतो ते."

"आगं म्हशीचाच विचार करायलेय की मी! ईकू का ठिवू, एवढंच सांग."

एम.ए.ला तिने 'झोप आणि काळजी' असा विषय घेतला. प्रश्न विचारायचे आणि उत्तरासाठी पाच चौकटी: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. तानुबाईंनी सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं, "देवाला ठाव." अर्पिताने मग सहावी चौकट काढली. मीही उत्तरं दिली. काळजीत मला इतके गुण पडले की तिच्या सरांना वाटलं बेरीज चुकलीय. त्यांनी परत करायला लावली. दुसऱ्या खेपेला, पोरीचा निकाल माझ्यामुळे बिघडणार या काळजीने, आणखी चार गुण वाढले.

त्या उत्तरांची बेरीज-वजाबाकी करता करता तिला आकड्यांची गोडी लागली. गावातल्या बायकांची झोप कुठल्या महिन्यात उडते, ते ती कॉम्प्युटरवर रेघा काढून दाखवायची आणि मी म्हणायचे, "हे मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं." नोकरी मात्र कुठेच दिसेना. समुपदेशकाची जागा निघायची ती एक, आणि अर्ज करणारी पोरं पूर्ण एक एसटी भरेल एवढी. मग एक अख्खा हिवाळा ती गोधडी पांघरून लॅपटॉपवर काहीतरी शिकत बसली. आणि एक दिवस पुण्याच्या एका संस्थेने तिची मुलाखत घेतली, तीही लॅपटॉपवरच. ही संस्था गावोगावी लोकांच्या तब्येतीची माहिती गोळा करते: रक्तदाब, साखर, झोप, मनाला काय वाटतं ते. ती माहिती बरोबर आहे का, हे तपासायला त्यांना माणूस हवं होतं.

तिथल्या माहिती विभागाच्या प्रमुख शुभदा मॅडम म्हणाल्या, "तुमचं शिक्षण मानसशास्त्राचं. आमच्याकडे सगळे इंजिनिअर. तुम्ही आकडे कसे तपासणार?"

अर्पिता म्हणाली, "मॅडम, आकडा सांगणारा माणूसच असतो. आणि माणूस हाफ तिकीट मागतो."

मॅडमना ते कळलं नसावं, पण त्यांनी तिला घेतलं. सहा महिने बघू, काम पटलं तर कायम करू, असं ठरलं.

आता ही नोकरी घरातूनच. आमच्याकडे नोकरी म्हणजे डबा, बस, आणि संध्याकाळी दमून आल्यावर पाण्याचा तांब्या. ही उठायची आणि पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नोकरीला जायची. दार लोटून, लॅपटॉपसमोर बोलत बसायची. तानुबाई हळूच मला म्हणाल्या, "पोरगी दिवसभर येकटीच बोलायली. त्या शिक्शणाचा परिणाम तर न्हाई?" मी त्यांना उडवून लावलं, आणि मग स्वतः दारामागे उभं राहून खात्री केली की पलीकडून कुणीतरी उत्तर देतंय. चहा द्यायच्या निमित्ताने मी इतक्या वेळा आत जायचे की पुण्याची मंडळी मला ओळखायला लागली. चेहऱ्याने नाही, हाताने. पडद्यावर माझा बांगड्यांचा हात आणि कपबशी एवढंच दिसायचं.

असाच मी चहा घेऊन दारात उभी होते, आणि आतून शुभदा मॅडमचा आवाज आला. सहा महिने भरायला थोडेच दिवस राहिले होते.

"अर्पिता, राणीसावरगावची माहिती कुणी तपासायची होती?"

"मीच, मॅडम. आज सुरू करणार होते."

"मग मला आधी हे सांग. 'पितळी तांब्यात गोदेचं पाणी' हे गृहस्थ कोण?"

मी कान टवकारले.

"ह्यांना सदतीस बायका आहेत," मॅडम म्हणाल्या. "मोठी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, धाकटी एकोणतीसची. हे शेती करतात, किराणा दुकान चालवतात, आणि त्याच वेळी पुण्यात वॉचमन आहेत. चार घरांत त्यांना साखर आहे, बाकी घरांत नाही. डावा पाय दोन घरांत मोडलेला आहे. आणि ह्यांच्या खालोखाल कोण आहेत माहितीये? 'मेथीच्या भाजीला लसणाची फोडणी'. ह्यांच्या अकरा."

आतून आवाज आला तो अर्पिताच्या हसण्याचा. साधं हसणं नव्हे. ती खुर्चीवरून घसरून टेबलाखाली गेली आणि तिथून हसत राहिली. पुण्याची मंडळी रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. माझ्या हातातला चहा बशीत आला. म्हटलं, गेली नोकरी.

"हसण्यासारखं काय आहे?" मॅडम तापल्या.

अर्पिता डोळे पुसत वर आली. "मॅडम, ते नाव नाही. तो उखाणा आहे."

तिने समजावून सांगितलं ते असं. माहिती घेणाऱ्या मुलींकडे टॅब दिलेले होते. टॅबसमोर बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. प्रश्न होता, 'पतीचे नाव?' राणीसावरगावच्या बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नाहीत. घ्यायचंच असेल तर उखाण्यात. मुलीने टॅब पुढे धरला, बायकांनी डोक्यावर पदर घेतला आणि अख्खा उखाणा म्हटला. आता त्या चौकटीत जागा नावापुरतीच. टॅबने सुरुवात लिहून घेतली आणि खरं नाव यायच्या आत चौकट भरली. त्या गावात तांब्याचा उखाणा सगळ्यांना पाठ, म्हणून नवरा एक आणि बायका सदतीस.

मॅडमना पटलं नाही. "हे दोन हजार पंचवीस आहे, अर्पिता. मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, भांडताना तर जास्तच. मला वाटतं त्या मुलीने घरी बसून काहीतरी भरलंय. आधार कार्डावर बघून नाव का नाही लिहिलं?"

"कुणाचं ओळखपत्र मागायचं नाही, हा नियम आपलाच आहे, मॅडम."

"ठीक आहे. सोमवारपर्यंत मला सिद्ध करून दाखव. नाहीतर ते गाव वगळायचं. आणि खरं सांगू? तुझ्या कायम होण्याचं मग मलाही वर समजावता येणार नाही."

रात्री हे घरी आले तेव्हा मी रडत होते आणि अर्पिता बॅग भरत होती. ह्यांनी दोघींकडे बघितलं आणि फक्त म्हणाले, "गंगाखेडला सकाळची गाडी धरा. पुढं सावरगावला दुसरी मिळती." मी म्हटलं, मीही येणार. अर्पिता म्हणाली, "आई, तू कशाला?" मी म्हटलं, "तिथलं पाणी तुला बाधलं म्हणजे?" शेवटी मी धपाट्यांचा डबा आणि घरचं पाणी घेऊन निघाले.

राणीसावरगावात माहिती घेणारी मुलगी, वैष्णवी, फाट्यावर आम्हाला घ्यायला आली. तिचे डोळे सुजले होते. "ताई, मी खोटं भरलं न्हाई ओ. आईची आन." अर्पिता म्हणाली, "मला ठाव हाय. तू फक्त बायका गोळा कर." शाळेच्या व्हरांड्यात बायका जमल्या. पुण्याची बाई आली असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. आम्ही जिंतूरच्याच निघालो हे कळल्यावर जरा हिरमुसल्या, पण बसल्या.

पहिल्या चांगुणाबाई. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज मात्र वाड्या-वस्त्यांवर ऐकू जाणारा. त्यांचे मालक आश्रुबा जवळच कट्ट्यावर सुपारी कातरत बसलेले.

"आजी," अर्पिता म्हणाली, "मालकाचं नाव सांगा. नुसतं नाव."

चांगुणाबाईंनी पदर सारखा केला. "पितळी तांब्यात गोदेचं पाणी..."

"आजी, नुसतं नाव!"

"आगं, नावच घ्यायलेय की. मधीच तोडू नाई, पुन्ना पह्यल्यापून घ्यावं लागतंय. पितळी तांब्यात गोदेचं पाणी, आश्रुबारावांचं नाव घेते, मी सावरगावची राणी!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. अर्पिताने दुसरी युक्ती केली. "आजी, पोराचं पूर्ण नाव सांगा."

"पप्पू."

"पप्पू काय?"

"पप्पू... ह्यो समुर बसलाय त्यो सुपारीवाला... आन् पुढं आडनाव."

अर्पिता वळली. "बाबा, तुमीच सांगा तुमचं नाव."

आश्रुबा अडकित्ता खाली न ठेवता म्हणाले, "तिला इच्यारलंय ना? मंग तिनंच सांगावं. ह्या निमितानं येकदा तरी घेईल."

वैष्णवी पुन्हा रडायच्या बेतात आली. एकामागून एक बाई उठे, पदर घेई आणि तांब्या सांगे. एकीने मेथीची भाजी सांगितली तर बाकीच्या म्हणाल्या, ही सासुरवाशीण, सेलूकडची हाय, तिच्याकडं तशीच रीत हाय. मी अर्पिताला म्हटलं, "अजून वेळ गेली नाही, बी.एड.चे फॉर्म..." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी धपाट्यांचा डबा उघडला.

ती थोडा वेळ नुसती बसून बायकांकडे बघत राहिली. टक लावून, लहानपणी गाडीत बघायची तशी. मग एकदम हसली आणि चांगुणाबाईंना म्हणाली, "आजी, तुमचं ऱ्हाऊ द्या. ह्या तुमच्या शेजारी बसल्यात, ह्यांच्या मालकाचं नाव काय?"

"हिच्या? बजरंग!" चांगुणाबाईंनी पापणीही न लवता सांगितलं. "आन् लय चेंगट हाय. चार आण्याची कोथमीर घेतो आन् दोन येळा जोखून मागतो."

"कोण चेंगट?" शेजारीण उसळली. "आन् तुझा आश्रुबा? लग्नातून येताना खिशात लाडू घालून आणतो त्यो!"

कट्ट्यावरचा अडकित्ता थांबला.

बस्स, धरण फुटलं. प्रत्येक बाईने शेजारणीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि नुसतं नाव सांगून एकही थांबली नाही. महारुद्र, तो घोरतो. रंगनाथ, तो बायकोला पोहे करून घालतो पण बाहेर सांगत नाही. वैष्णवी टॅब घेऊन नुसती पळत होती. "नावच सांगा, काकू! खोड्या नगं! चौकटीत जागा न्हाई!" एक बाई शेजारणीच्या झोपेचंही सांगायला लागली, तेव्हा अर्पिताने हात वर केला. झोपेचं ज्याचं त्यानेच सांगायचं, म्हणाली. त्यावर बायका जरा नाराज झाल्या. दुपार कलायच्या आत सदतीस बायकांना सदतीस नवरे मिळाले आणि मेथीवालीलाही तिचा मिळाला. अकरातल्या बाकीच्या दहाही सेलूकडून इथे सुना म्हणून आलेल्या निघाल्या, त्यांच्या नवऱ्यांची नावं तिनेच सांगितली.

अर्पिताने तिथूनच शुभदा मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. मॅडमनी चांगुणाबाईंचा उखाणा ऐकला, आश्रुबांना बघितलं, शेजारणींनी सांगितलेली नावं ऐकली. मग चष्मा वर केला. "वयस्कर बायकांचं मान्य. पण ह्यात पदवीधर बायकाही आहेत. त्यांनीही नाव घेतलं नाही, असं मला सांगू नकोस. शिकलेली बाई असं करेल?"

 अर्पिताने वैष्णवीच्या हातातला टॅब घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"आई, पप्पांचं नाव सांग."

मी बी.ए. आहे. पोरांना समानतेचा धडा शिकवते. त्या धड्याखालचे प्रश्नही मीच काढते. मी म्हटलं, यात काय, आत्ता सांगते. तोंड उघडलं. 'सि' इथपर्यंत गेलेही असेन. पुढे जीभ जाईना. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यांना मी 'अहो' म्हणते, आगारात फोन केला तर "अर्पिताच्या पप्पांना द्या" म्हणते. मलाच आजवर कळलं नव्हतं की मी कधीच म्हटलेलं नाही. पडद्यावर मॅडम, भोवती अख्खं राणीसावरगाव, आणि पोरीची नोकरी माझ्या जिभेवर.

"घ्या ताई, घ्या!" चांगुणाबाई ओरडल्या. "लाजू नगा!"

आणि माझा हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर वर आला, आणि मी म्हणून बसले, "डबल घंटी वाजली, एसटी निघाली झोकात, सिद्धोधनरावांचं नाव घेते सगळ्या लोकांत!"

व्हरांडा दणाणला. अर्पिताने टॅब वळवून कॅमेऱ्यापुढे धरला. 'पतीचे नाव' या चौकटीत लिहिलं होतं, 'डबल घंटी वाजली एसटी निघा'.

मॅडमनी वाकून ते वाचलं. मग पडद्यावर फक्त छत दिसायला लागलं. टेबलाखाली जायची पाळी आता त्यांची होती.

वर आल्यावर म्हणाल्या, "काकू, तुम्हीच ना त्या चहावाल्या?"

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात चांगुणाबाईंनी टॅब ओढून घेतला. "बाई, आमी सगळ्यांनी घेतलं. आता तुमी घ्या."

"मी? सौरभ," मॅडम म्हणाल्या.

बायका वाट बघत राहिल्या. पुढे काहीच येईना. "आन्?"

"आणि काही नाही. सौरभ."

"असं कुटं आस्तंय? लय सपक," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मला उखाणा येत नाही हो."

"मंग लगीन लागलं कसं?"

मॅडमनी कबूल केलं की कोर्टात लागलं. त्यावर सगळ्या बायकांनी इतक्या दुःखाने मान हलवली की मलाच मॅडमची कणव आली. कॉल संपायच्या आधी चांगुणाबाईंनी त्यांच्याकडून तांब्याचा उखाणा तीनदा म्हणवून घेतला. आता अडतिसावी बायको पुण्यात आहे.

गाव वगळलं नाही. संस्थेने तो प्रश्नच बदलला. आता बायकांना जोडीजोडीने बसवून शेजारणीला विचारतात. त्या महिनाअखेर अर्पिता कायम झाली. मॅडम म्हणाल्या, इंजिनिअर मंडळींनी तो सदतीस बायकांचा नवरा शोधून काढला होता, पण त्याला घटस्फोट हिनेच मिळवून दिला. वैष्णवीला आणखी दोन गावं मिळाली.

तर आता माझी काळजी. मॅडमनी तो कॉल रेकॉर्ड केला होता. माहिती घेणाऱ्या नव्या मुलींना शिकवण्यासाठी तो दाखवणार आहेत, उद्यापासून, चौदा जिल्ह्यांत. चौदा जिल्ह्यांत मी पदर घेऊन डबल घंटी वाजवणार. अर्पिता म्हणते, "आई, तुझ्यामुळं माझं काम झालं, आता कसली काळजी?" तिला मी तिचीच ती पाच चौकटींची प्रश्नावली पुन्हा भरून दाखवणार आहे.

आणि हे. आगारात ह्या रेकॉर्डिंगची बातमी मी घरी सांगायच्या आत पोचली. आज जेवताना म्हणाले, "सावरगावात माझं नाव घेतलंस म्हणं. आमाला कवा ऐकायला मिळंल? उखाणा नको, नुसतं."

पोरगी ताटावरून माझ्याकडे बघत होती, टक लावून. मी श्वास घेतला. 'सि' म्हटलं. मग म्हटलं, "अहो, वरण घ्या."

अर्पिता लगेच ह्यांना म्हणाली, "पप्पा, तानुकाकूंना विचारा. त्या सांगतील."